भाकरीत कवा खमीर असतंय?

बाबा,

तुम्ही चुकला होतात की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुमच्या वयाला मागे टाकून मी कधीच पुढे आले, मुलांना भूमिती शिकवून निवृत्त झाले, 'सिद्ध करा' म्हणून जन्मभर फळ्यावर लिहीत राहिले, पण हे एक काही सिद्ध होत नाही. आज पवित्र आठवड्यातला गुरुवार आहे. संध्याकाळी इथे साताऱ्यात आमच्या मंडळीचं प्रभुभोजन आहे आणि त्याआधी महिला मंडळात 'निवासमंडप आणि आपला विश्वास' या विषयावर बोलायचं मी कबूल करून बसलेय. सकाळपासून कागद पुढे ओढतेय आणि उठतेय. एकदा दूध उतू गेलं म्हणून उठले, एकदा काहीच कारण नसताना उठले. भाषण म्हणून जे लिहिते ते तुमच्याशी भांडण होऊन बसतं. तेव्हा म्हटलं आधी भांडून घ्यावं, मग बायकांकडे बघू.

निवासमंडप मी पहिल्यांदा पाहिला तो आपल्या स्वयंपाकघरात. इस्लामपूरजवळच्या त्या वाडीत तुम्ही ख्रिस्ती मंडळीचे पाळक, आणि चर्चला लागूनच आपल्या दोन खोल्या. संध्याकाळी आई चुलीपुढे बसलेली असते, तुम्ही पाटावर, आणि तिच्या हातातली पळी मागून घेऊन तुम्ही मला सांगायला लागता. इस्राएल लोक मिसर देशाच्या गुलामीतून सुटले आणि रानात भटकत असताना देवाने त्यांच्याकडून तंबूतलं मंदिर करून घेतलं. ही चूल म्हणजे त्यातली होमवेदी. मोरीतलं ते गंगाळ म्हणजे याजकांनी हातपाय धुवायचं गंगाळ. शास्त्रातही ते पितळेचंच आहे आणि शब्दसुद्धा गंगाळच आहे, बघ. मेजावर देवासमोर बारा भाकरी. दोरीवर वाळत घातलेलं आईचं लुगडं म्हणजे पडदा, आणि पडद्यामागे, जिथे आपली धान्याची कणगी होती तिथे, परमपवित्रस्थान. वर्षातून एकदाच मुख्य याजक तिथे जाणार, तोही रक्त घेऊन. "मग ख्रिस्त आला," इथे तुमचा आवाज खाली यायचा, "आणि पडदा वरून खालपर्यंत फाटला. कोकरा तोच, याजक तोच, भाकर तोच. जुनं सगळं सावली होतं. सावली आधी दिसली, माणूस मागून आला." आई भाकरी उलटत म्हणायची, "लुगडं तेवढं फाडू नगा म्हंजे झालं. आनि ह्या मंडपात मुख्य याजक कोन?" "तूच की," तुम्ही म्हणायचात. "मग मुख्य याजकाला आडावरनं पानी कोन आनून देत हुतं, तेवढं शास्त्रात बघून सांगा जरा." तुम्ही हसत घागर उचलायचात. मला मात्र ते इतकं खरं वाटायचं की कणगीतून ज्वारी काढायला मी कितीतरी दिवस एकटी जात नव्हते.

तुमची ती सवयच होती. कुठलीही वस्तू नुसती ती वस्तू म्हणून तुम्हाला बघवायची नाही. तिच्यामागे काहीतरी उभं असायचंच. आई म्हणायची, ह्यांच्या ताटात मीठ वाढायचीसुद्धा भीती वाटते, त्याचाही काहीतरी अर्थ निघेल. त्या सवयीनेच तुमचा घात केला, असं मी बरीच वर्षं धरून चालले.

दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. वाडीतली बाया-माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. चर्चमध्ये गुडघे टेकले की सगळ्यांच्या कपड्यांतून धूळ उडायची. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी मिळायची, त्याची भाकरी थापता थापता हातातच चिरायची. प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून प्रभुभोजनात मोडून वाटायचा पाव सांगलीच्या बेकरीतून एस.टी.ने यायचा, कंडक्टर ओळखीचा होता. त्या पवित्र गुरुवारी एस.टी. आली, पाव आला नाही. बेकरीवाल्याला मैदाच मिळाला नव्हता. मंडळी येऊन बसलेली. तुम्ही लगबगीने आत आलात आणि आईला म्हणालात, "भाकरी टाक." आईने ईस्टरसाठी राखून ठेवलेलं शाळू ज्वारीचं पांढरं पीठ काढलं आणि पुढचामागचा विचार न करता एक मोठी भाकरी भाजून दिली. पांढऱ्या रुमालात गुंडाळून तुम्ही ती मेजावर नेऊन ठेवलीत.

नुसती ठेवून गप्प राहिला असतात तर निभावून गेलं असतं. अडचण सगळ्यांना दिसतच होती. पण अर्थ सांगितल्याशिवाय तुम्हाला चैन कुठलं पडायला! तुम्ही म्हणालात, आज पाव आला नाही हे बरंच झालं. मिसरातून निघताना त्या लोकांना कणीक फुगायला वेळ नव्हता, म्हणून ते बेखमीर भाकर घेऊन निघाले. बेखमीर म्हणजे न आंबवलेली. आपल्या चुलीवरची भाकरी रोजच तशी असते. प्रभूने त्या रात्री जे हातात घेऊन मोडलं ते हेच. "ही गुलामांची भाकर आहे," तुम्ही ती दोन्ही हातांनी वर धरलीत, "आणि म्हणून ही आपली भाकर आहे." मग मोडलीत. पहिल्या बाकावरून सुभेदार उठले. फौजेतून पेन्शनवर आलेले, मंडळीच्या कमिटीचे अध्यक्ष. वाडीत त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे. टोपी हातात घेऊन ते बाहेर गेले. त्यांच्यामागे त्यांची बायको, मग एकेक करत निम्मी मंडळी. तुम्ही भाकरीचे दोन तुकडे दोन हातांत धरून तसेच उभे. तुमचा तो चेहरा मला अजून आठवतो आणि अजून राग येतो, कुणाचा ते कळत नाही.

ईस्टरच्या दुपारी कमिटी आपल्या ओसरीवर बसली. मी दाराआड नव्हते, आईने मला चहा घेऊन पाठवलं आणि मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. कुणी जा म्हणालं नाही. सुभेदारांनी चहाला हात लावला नाही.

"पाद्रीसाब, गुस्सा करू नगा, पर ऐका," ते म्हणाले. "माझी आई गावकीची भाकर मागत हिंडायची. सांजच्याला घरोघर. भाकर वाढा माय, म्हनून उंबऱ्याभाईर हुबं ऱ्हायाचं. हातात न्हाईत द्यायचे, वरनं टाकायचे. शिळी, बुरसाटल्याली. मी तिच्या पदराला धरून असायचो. ती भाकर सुटावी म्हनून माझ्या बानं बाप्तिस्मा घेतला. ह्या मेजावर आमच्या हातात पाव दिला, त्या दिवशी आमी मान्सं झालो. आनि तुमी तीच भाकर परत मेजावर मांडली व्हय?"

"इस्राएल लोकही गुलामच होते, सुभेदार," तुम्ही म्हणालात. "म्हणून तर ते दरवर्षी ती भाकर खातात. विसरू नका असं देवानेच त्यांना सांगितलंय."

"त्यास्नी आठवायचं आसंल तर आठवू द्या की. आमाला इसरायचं हाय."

मग कमिटीने ठरलेलं सांगितलं: येत्या रविवारी मंडळीसमोर चूक झाली म्हणून सांगायचं, नाहीतर कमिटी वर अर्ज करून तुमची बदली मागणार. म्हणजे दोन खोल्या जाणार, वाडी जाणार, ज्यांच्या लग्नांना आणि मातींना तुम्ही उभे राहिलात ती माणसं जाणार. पण तुम्हाला त्याचं काही वाटत होतं असं मला दिसलं नाही. तुम्हाला एकच लागून राहिलं होतं, की आपण सांगितलेला अर्थ खरा होता की नाही.

म्हणून तुम्हाला साक्षीदार हवा होता, आणि तो मीच सुचवला. सांगलीला मी शाळेच्या बोर्डिंगात राहायचे, सुट्टीला वाडीत आले होते. आमच्या गणिताच्या बाई यहुदी होत्या, मूळच्या कोकणातल्या; घरात आपल्यासारखंच मराठी बोलायच्या. तुम्ही आयुष्यभर ज्या लोकांची उपासना मला शिकवलीत त्यांच्यापैकी एक जिवंत बाई मला रोज समीकरणं शिकवते, याची तुम्हाला केवढी गंमत वाटायची! दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आपण सांगलीला गेलो. बाईंच्या दाराच्या चौकटीवर एक लहानशी नळी तिरकी बसवलेली होती, तिच्यात त्यांच्या शास्त्रातलं वचन. चौकटीला कोकऱ्याचं रक्त लावलं म्हणून मिसरातल्या त्या रात्री ती घरं मरणातून वाचली, ही गोष्ट तुम्ही किती वेळा सांगितली होती. तुमचा हात वर गेला, आणि तुम्ही तो तसाच खाली घेतलात.

बाईंनी चहा दिला. बिस्किटं मात्र नाहीत हं, म्हणाल्या, आमच्या पेसाहचे दिवस अजून संपले नाहीत, म्हणजे तुम्ही वल्हांडण म्हणता तो, मिसरातून सुटल्याचा सण. तुम्ही त्यांना सगळं सांगितलंत. बाई आमची गणितं ऐकायच्या तशाच ऐकत होत्या, मध्ये न बोलता.

"पण पाळकसाहेब, ज्वारी नाही चालत," त्या म्हणाल्या. "गहू लागतो. गहू, जव, अशी ठरलेली धान्यं आहेत."

"ज्वारी तर जन्माचीच बेखमीर, बाई."

"म्हणूनच नाही चालत. ज्वारी, तांदूळ आम्ही या दिवसांत खातोसुद्धा. ज्वारीचं पीठ ठेवलं तर आंबेल, नासेल, पण गव्हासारखं फुगून वर यायचं नाही. ज्याला फुगता येतं त्यालाच फुगू न देण्याला अर्थ आहे."

तुम्ही कप खाली ठेवलात. तुमचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, जवळजवळ विनवणी होती ती. "पण अर्थ तरी तोच ना, बाई? कोकरा, मंडप, भाकर, हे सगळं जो येणार होता त्याची सावली..."

"तुमच्यासाठी असेल," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, उलट जपून बोलत होत्या. "पण माझी आजी ही भाकर खायची ती कशाची सावली म्हणून नव्हे. ती भाकरच होती. तुम्ही आमच्या घरातून जाता ना, ते पुढच्या गावाची वाट म्हणून जाता. आम्ही तिथं राहतो."

निघताना त्यांनी त्यांच्या गव्हाच्या पातळ भाकरीचा तुकडा कागदात बांधून दिला. तुम्ही तो दोन्ही हातांनी घेतलात. त्याच वर्षी बाई भावांच्या मागोमाग इस्राएलला निघून गेल्या; खरंच तिथं राहायला. त्या दिवशी परतताना आष्टा मागे पडेपर्यंत तुम्ही एस.टी.च्या खिडकीतून बाहेर बघत होतात. मग एवढंच म्हणालात, "शास्त्रातही चुकलो आणि माणसांतही." घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं तर ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझी भाकरी फुगत न्हाई म्हनली ती बाई? तिला म्हनावं ये हितं आनि बघ. टम्म फुगती, आख्ख्या वाडीत इचारा कुनालाबी!" तव्यावरची भाकरी फुगणं वेगळं आणि खमीर चढून पीठ फुगणं वेगळं, हे तिला सांगता सांगता तुम्हाला हसू फुटलं. तुम्ही इतके हसलात की शेवटी डोळे पुसायला लागले.

रविवारी तुम्ही मंडळीसमोर उभे राहिलात. आपल्या घरातली भाकरी ती बेखमीर भाकर नव्हे, माझं शास्त्र चुकलं, असं म्हणालात. आणि ज्यांचं मन दुखावलं त्यांची मी माफी मागतो. बस्स. मैदा कुठूनतरी मिळाला होता, पाव आला होता, तो तुम्ही सगळ्यांना दिलात, सुभेदारांनाही. मी आतून पेटले होते. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती. आजी, म्हणजे तुमची आई, जिवंत असताना तिनेच मला सांगितलं होतं, की तिनंही तशीच भाकर मागितली होती, तुम्हाला काखेला मारून. तुम्ही तेवढं एक वाक्य बोलला असतात तर चर्चमध्ये कुणाची उलट बोलायची छाती झाली नसती. संध्याकाळी मी तुम्हाला विचारलं, का नाही बोललात? तुम्ही कंदिलाची काच पुसत होतात. म्हणालात, "बोललो असतो तर सुभेदार हरले असते, बाळ." मला तेव्हा तो पळपुटेपणा वाटला. किती तरी वर्षं वाटत होता. मग एकदा वर्गात कसलीशी सिद्धता लिहिता लिहिता बाईंचं वाक्य आठवलं: ज्याला फुगता येतं त्यालाच फुगू न देण्याला अर्थ आहे. मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. म्हणजे त्या रविवारी मेजावर पाव होता, आणि बेखमीर तुम्हीच होतात.

बघा, लागले ना मीही अर्थ लावायला! तुमचीच लेक. बाईंनी ऐकलं असतं तर मान हलवली असती.

आता हॉस्पिटलचं. मला साताऱ्यात नोकरी लागली होती, तुम्हाला गिळता येईना म्हणून तुम्हाला इथे आणलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते, तुम्हालाही कळलं होतं. एके दिवशी दुपारी सुभेदार आले, कराडला एस.टी. बदलून, हातात ॲल्युमिनियमचा डबा. थकले होते तेही. आई खाली कपडे धुवायला गेली होती, मी तुमच्या पायाशी बसले होते. सुभेदारांनी डबा उघडला. शाळूची भाकरी होती. वाटीत दूध मागून घेऊन त्यांनी भाकरी बोटांनी कुस्करली, बारीक, लहान मुलासाठी करतात तशी.

"घ्या पाद्रीसाब," ते म्हणाले. "हितं कमिटी न्हाई."

तुम्ही वाटीकडे बघितलंत, मग त्यांच्याकडे. मंडळीतल्या माणसांशी तुम्ही नेहमी पुस्तकी बोलायचात; त्या दिवशी पहिल्यांदाच तुमच्या तोंडून वाडीतलं बोलणं निघालं. "सुभेदार, बेखमीर हाय न्हवं?"

"आवं, भाकरीत कवा खमीर असतंय?"

दोघंही हसलात. तुम्हाला ठसका लागला, सुभेदारांनी अंगठ्याने तुमची हनुवटी पुसली. मग वाटीवर हात ठेवून त्यांनी जरा वेळ डोळे मिटले. तुम्ही चार घास घेतलेत, त्यांच्या हाताने. ते तुमच्या पोटात गेलेलं शेवटचं अन्न.

बाबा, ही गोष्ट मी पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे. 'माझ्या बाबांचं शेवटचं प्रभुभोजन' म्हणून सांगते आणि बायका पदराने डोळे टिपतात. आजच्या भाषणातही ती शेवटी आहे: आधी मंडप, मग पडदा, मग कोकरा, आणि सगळ्यात शेवटी सुभेदारांचा डबा. इतकं नीट बसतंय की सकाळपासून त्यानेच मला बसू दिलेलं नाही. सुभेदार काही पाळक नव्हते. द्राक्षरस नव्हता, वचन नव्हतं. डोळे मिटले ते प्रार्थनेसाठी की एस.टी.च्या शिणाने, मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि आता तेही नाहीत. ज्या भाकरीला विसरायचं होतं तीच त्यांनी बांधून आणली, म्हणून मी किती रंगवून सांगते. पण कदाचित आजारी माणसाला घरचा डबा आणला, एवढंच असेल. ती भाकरच असेल. तुम्ही म्हणाल की आणखी काहीतरी होती, बाई म्हणतील तिला भाकर राहू दे, आणि मी दोघांच्या मध्ये अजून त्या ओसरीच्या भिंतीला टेकून उभीच आहे.

आता निघायला हवं. बायका जमल्या असतील. हा कागद भाषणाच्या कागदांत जायला नको म्हणून कणकेच्या डब्याखाली ठेवतेय. गोष्टीच्या शेवटी मी नेहमी आणखी एक सांगते. सुभेदार परतीच्या एस.टी.ला निघून गेल्यावर डब्यात उरलेला तुकडा मी व्हरांड्यातल्या नळापाशी उभं राहून खाल्ला, आणि त्यानंतर मंडळीत घेतलेलं कुठलंच प्रभुभोजन मला तसं लागलं नाही. ते खरंच आहे. फक्त त्या दिवशी सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं, बाबा. मला नुसती भूक लागली होती.